मराठवाड्यातील मत्स्यालयात प्रवाळ वाढवताना

मराठवाड्याला समुद्र नाही. छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरसारख्या शहरातील सार्वजनिक मत्स्यालयात प्रवाळ वाढवायचे ठरवले, की त्यांचा समुद्रही आपल्यालाच तयार करावा लागतो. म्हणून काचेच्या टाकीवर पैसा घालण्याआधी पाणी आणि वीज यांची सोय पक्की करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याही आधी कायदा पाहावा. अंगठीतील पोवळ्यामुळे प्रवाळाचे नाव घरोघरी माहीत असले, तरी दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे (पंख्याच्या आकाराचे प्रवाळ) यांना 2001 पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मालवणच्या सहलीत कोणी तुकडा उचलून आणला, तर तो स्वीकारू नये. वनविभागाची लेखी परवानगी आणि जीव कोठून आला याची कागदपत्रे हाती असल्याशिवाय काम सुरूच करू नये.

आपल्याकडील बोअरचे पाणी बहुधा जड असते, अनेक गावांत त्यात नायट्रेटही आढळते, आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. त्यामुळे पाणी गाळ व कार्बनच्या फिल्टरमधून, मग आरओ (दाबाने बारीक पडद्यातून गाळणे) आणि डीआय (उरलेले क्षार राळेने काढणे) यांतून न्यावे आणि टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारे यंत्र) शून्य दाखवील तेव्हाच ते वापरावे. एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर टाकाऊ पाणी बाहेर पडते. ज्या लातूरला 2016 साली रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात हे पाणी गटारात सोडणे मला मान्य नाही. ते वेगळ्या टाकीत साठवून फरशी आणि शौचालयांसाठी वापरावे.

हजार लिटर पाण्यात 36 ते 38 किलो मत्स्यालयाचे सागरी मीठ घालून पंपाने दिवसभर घुसळावे आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजण्याच्या उपकरणावर) क्षारता, म्हणजे मिठाचे प्रमाण, दर हजारी 35 आल्याची खात्री करावी. उन्हाळ्यातील कोरड्या हवेत टाकीची पातळी रोज उतरते, पण वाफ होऊन जाते ते फक्त पाणी, मीठ मागेच राहते; त्यामुळे भर घालताना गोडे आरओ पाणीच घालावे. कॅल्शियम लिटरला 400 ते 450 मिलिग्रॅम आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल सोसण्याची क्षमता) 8 ते 9 डीकेएच (ती मोजण्याचे एकक) ठेवावी.

तापमान 25 ते 26 अंशांवर राखावे. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि तेच त्याचे बरेचसे अन्न बनवते. पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानाहून एक-दोन अंशांनी काही आठवडे तापलेले राहिले, की शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. पाणी थंड करणारा चिलर गरम हवा सोडतो, म्हणून तो खोलीबाहेर सावलीत बसवावा. एका मे महिन्यात आमचा जनरेटर मध्यरात्री बंद पडला. पहाटे पाहिले, तेव्हा पाणी फारसे तापले नव्हते, पण प्रवाह थांबल्याने ऑक्सिजन घटला होता आणि सगळे पॉलिप (प्रवाळ ज्यांचे बनलेले असते ते चिमुकले जीव) आत ओढले गेले होते. तेव्हापासून एक पंप नेहमी स्वतंत्र इन्व्हर्टरवर ठेवतो.

नवे जीव किमान सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावेत आणि फांद्यांवरील कीड भिंगातून तपासावी. त्यानंतरच तुकडे करून वंशवाढ करण्याचा विचार करावा. हातमोजे आणि चष्मा घालावा, कारण झोअँथिड या प्रवाळाच्या मऊ नातलगांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे घातक विष असते. निरोगी फांदीचा दोन-अडीच सेंटिमीटरचा तुकडा हाडे कापण्याच्या कात्रीने एका दमात तोडावा. कापताच त्यातून चिकट, पारदर्शक स्रावाची तार सुटते, ती टाकीच्या वेगळ्या काढलेल्या पाण्यात हलकेच धुवावी. मग घट्ट सायनोअॅक्रिलेट गोंदाने (झटपट चिकटणाऱ्या गोंदाने) तुकडा सिरॅमिक चकतीवर उभा चिकटवून मध्यम प्रकाशात आणि वाहत्या पाण्यात ठेवावा. काही आठवड्यांत बुडाशी गोंदावर पातळ रंगीत कड चढताना दिसते. ती दिसली, की तुकडा लागला.

प्रत्येक चकतीवर क्रमांक घालून तो तुकडा कोणत्या मातृप्रवाळाचा (ज्यापासून तो कापला त्या मूळ प्रवाळाचा), हे वहीत नोंदवावे. एकाच फांदीचे शंभर तुकडे म्हणजे जनुकीयदृष्ट्या एकच प्रवाळ. त्यामुळे संवर्धनासाठी संख्येपेक्षा वेगवेगळे मातृप्रवाळ सांभाळणे मोलाचे आहे. आवश्यक परवानगी घेऊन प्रत्येकाचा एक तुकडा दुसऱ्या मत्स्यालयात ठेवता आला, तर एका ठिकाणी टाकी गेली तरी तो वंश टिकतो.

बदललेले खारे पाणी ओढ्यात किंवा बागेत मुळीच सोडू नये, कारण सोडियमने काळी जमीन घट्ट आणि नापीक होते. ते सिमेंटच्या उथळ हौदात उन्हात आटवावे, उरलेले मीठ पोत्यात भरावे आणि पावसाळ्यात हौदावर पत्रा घालावा.