बंकरमधला फटका वाळूला मारायचा असतो

गोल्फ शिकणाऱ्या बहुतेकांना बंकरची, म्हणजे कोर्सवरच्या वाळूच्या खड्ड्याची जी भीती वाटते, ती एकाच गैरसमजातून येते. चेंडू वाळूत बसलेला दिसतो आणि त्यामुळे तो उचलून बाहेर काढला पाहिजे असे वाटू लागते. वास्तविक ग्रीनलगतच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीलगतच्या बंकरमध्ये क्लब (गोल्फची काठी) चेंडूला लागणेच अपेक्षित नसते. क्लब चेंडूच्या सुमारे पाच सेंटिमीटर मागे वाळूत शिरतो, चेंडूच्या खालून सरकतो आणि तेवढ्याच अंतरावर पुढे बाहेर पडतो. मधला वाळूचा पातळ थर उडताना चेंडूला सोबत घेऊन जातो. म्हणजे फटका खातो ती वाळू, आणि चेंडू त्या वाळूवर स्वार होऊन ग्रीनवर पोचतो. हे मनापासून पटल्याशिवाय पुढच्या कोणत्याही सूचनेचा उपयोग होत नाही, म्हणून ते सर्वांत आधी सांगितले.

मी शिकत असताना एका सकाळी सलग तिसरा चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडच्या गवतात गेला, तेव्हा बॅग घेऊन उभ्या असलेल्या कॅडीकाकांनी इतकेच सांगितले, ‘‘साहेब, बॉलकडे बघू नका, वाळूकडे बघा.’’ त्यांनी बोटाने हवेतच चेंडूमागची एक जागा दाखवली आणि नजर तिथेच खिळवून मारायला लावले. चेंडू बाहेर आला तो मऊ ‘थप्प’ असा आवाज करत, पाठोपाठ मूठभर वाळू ग्रीनवर पसरली. तो आवाज आजही माझी कसोटी आहे. ‘टक’ असा कोरडा आवाज आला, तर क्लब चेंडूला लागला. हाताला झटका बसून आवाज वाळूतच विरला, तर क्लब फार खोल गेला.

क्लब खोल न रुतता वाळूतून सरकतो, त्याचे श्रेय सँड वेजच्या, म्हणजे वाळूसाठीच घडवलेल्या क्लबच्या तळाला आहे. हा क्लब उलटा धरून पाहिला, तर त्याच्या तळाचा मागचा भाग पुढच्या धारेपेक्षा खाली उतरलेला दिसतो. या उताराच्या कोनाला बाऊन्स म्हणतात आणि चेहरा ५६ अंश कललेल्या सर्वसाधारण सँड वेजमध्ये (चेहरा म्हणजे क्लबची चेंडूकडची सपाट बाजू) तो १० ते १४ अंशांच्या आसपास असतो. अमेरिकेचा जीन सॅराझेन हा या क्लबच्या घडणीशी कायमचा जोडला गेलेला खेळाडू. त्या काळी वाळूत वापरल्या जाणाऱ्या निब्लिक या क्लबची धार पातळ असे आणि ती सरळ आत रुतत असे. सॅराझेनने त्याच्या तळाला धातूचा जादा थर डाखून चढवला. विमान वर चढताना त्याच्या शेपटीची झडप कशी काम करते, हे पाहून आपल्याला ही कल्पना सुचली, असे तो सांगत असे. हा क्लब सोबत घेऊन त्याने १९३२ साली इंग्लंडमधील सँडविच येथे ब्रिटिश ओपन जिंकली. तेव्हापासून बंकरमधल्या खेळाचे सारे तंत्र या तळाभोवती फिरते: धार नव्हे, तळ वाळूवर आपटला पाहिजे.

तळ आपटावा, यासाठी क्लबचा चेहरा उघडा ठेवावा लागतो आणि इथे क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी क्लब हातात सैल फिरवून त्याचा चेहरा थोडा आकाशाकडे, म्हणजे उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या उजवीकडे वळवावा आणि त्यानंतरच ग्रिप पक्की करावी. बरेच जण आधी पकडतात आणि मग मनगटे पिळून चेहरा उघडतात. स्विंगमध्ये मनगटे मूळ जागी परततात, चेहरा पुन्हा सरळ होतो आणि धार वाळूत घुसते. चेहरा उजवीकडे वळल्याची भरपाई म्हणून पाय आणि खांदे लक्ष्याच्या थोडे डावीकडे रोखावेत. चेंडू मध्यभागापेक्षा पुढे, साधारण डाव्या टाचेच्या आतल्या बाजूसमोर असावा. शरीराचा भार निम्म्याहून थोडा अधिक डाव्या पायावर ठेवावा आणि तो फटका संपेपर्यंत तिथेच राहू द्यावा. चेंडू वर उचलण्याच्या मोहाने भार उजव्या पायावर सरकला, की क्लब लवकर वाळूत शिरतो किंवा वर येत येत थेट चेंडूवर आदळतो.

उभे राहताना दोन्ही पाय वाळूत किंचित रुतवून घ्यावेत. याने पकड मिळतेच, शिवाय वाळू मऊ आहे की घट्ट, खाली कडक थर लागतो की काय, हे तळपायांना कळते. नियमांना ते मान्य आहे. हाताने, क्लबने किंवा रेकने (वाळू सपाट करायच्या दाताळ्याने) वाळू चाचपण्यास मात्र मनाई आहे. चेंडूच्या लगेच मागे किंवा पुढे क्लब वाळूला टेकवता येत नाही. सरावाच्या स्विंगमध्ये किंवा क्लब मागे नेतानाही वाळूला स्पर्श चालत नाही. २०१० च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये व्हिसलिंग स्ट्रेट्स या कोर्सच्या शेवटच्या होलवर डस्टिन जॉन्सनने क्लब जमिनीला टेकवला. लोकांनी तुडवलेली ती जागा बंकर आहे, हे त्याच्या लक्षात आले नव्हते. दोन फटक्यांचा दंड झाला आणि प्लेऑफमधले, म्हणजे बरोबरी सोडवण्यासाठीच्या जादा खेळातले त्याचे स्थान गेले. पाय रुतवल्यामुळे शरीर जितके खाली जाते, तितकी ग्रिपही खालून धरावी, नाहीतर क्लब वाळूत ठरवल्यापेक्षा खोल जातो.

आता प्रत्यक्ष फटका. दुधावरची साय काढताना चमचा जसा उथळ सरकवतो, तसा क्लब वाळूतून न्यायचा असतो. खोल घातला तर सायीबरोबर दूध येते, इथे चेंडूबरोबर ओंजळभर वाळू येते आणि चेंडू जागचा हलत नाही. पण साय हळू काढतात, वाळू तशी काढता येत नाही. माझ्या मते बंकरमधले निम्म्याहून अधिक फटके फसतात ते वेग ऐन वेळी कमी केल्याने. ग्रीन दहा मीटरवर दिसत असते, मोठा स्विंग घेतल्यावर चेंडू दूर जाईल अशी धास्ती वाटते आणि हात खाली येता येता मंदावतात. वाळू बरीचशी ताकद गिळते, हे तेव्हा आठवले पाहिजे. गवतावरून वीस मीटर जाण्यासाठी जेवढा स्विंग लागतो, तेवढा वाळूतून दहा मीटरला लागतो, असा ढोबळ हिशेब धरून सुरुवात करावी. अंतर कमी-जास्त करायचे ते स्विंगच्या लांबीने. वाळूत शिरण्याची जागा बदलून अंतर साधण्याच्या नादी नवशिक्याने लागू नये. आणि काहीही झाले तरी फॉलो-थ्रू, म्हणजे फटक्यानंतरचा पुढचा स्विंग पूर्ण करावा, छाती लक्ष्याकडे वळलेली असावी.

वाळू नेहमी सारखी नसते. पुण्या-मुंबईच्या कोर्सवर जून ते सप्टेंबर या काळात ती भिजून इतकी दबते, की उघड्या चेहऱ्याचा मोठा बाऊन्स पृष्ठभागावरून उसळतो आणि धार चेंडूच्या पोटात बसते. अशा वेळी चेहरा जवळजवळ सरळ ठेवावा, कमी बाऊन्सचा वेज असल्यास तो घ्यावा आणि चेंडू नेहमीपेक्षा वेगाने निघेल व पुढे अधिक घरंगळेल, हे गृहीत धरून स्विंग आखूड करावा. बंकरमध्ये पाणी साचले असेल, तर बंकरच्या आतच दंडाविना चेंडू दुसरीकडे ड्रॉप करण्याची, म्हणजे हातातून खाली सोडण्याची मुभा आहे. बंकरबाहेर मागे ड्रॉप करायचा झाल्यास एका फटक्याचा दंड पडतो. याउलट उन्हाळ्यातल्या भुसभुशीत वाळूत चेहरा अधिक उघडावा, कारण तिथे रुतण्याचाच धोका मोठा.

चेंडू स्वतःच्याच खड्ड्यात अर्धा पुरला गेला असेल, तर वर सांगितलेले बरेचसे उलटे करावे लागते. चेहरा सरळ किंवा थोडा बंद, चेंडू किंचित मागे, आणि क्लब उभ्या रेषेत त्याच्या मागे जोरात उतरवायचा. इथे धार रुतलेलीच हवी. फॉलो-थ्रू फारसा उरत नाही आणि चेंडूला फिरकी मिळत नसल्याने तो ग्रीनवर बराच धावतो, म्हणून होलमधल्या झेंड्याच्या अलीकडे भरपूर जागा धरावी. उतारावर एवढे पुरे, की खांदे उताराला समांतर ठेवावेत. चढावरून चेंडू उंच आणि आखूड जातो, उतरणीवरून खालून आणि लांब.

फेअरवेमधल्या, म्हणजे ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यातल्या बंकरचे तंत्र मात्र अगदी वेगळे. तिथे आधी चेंडू आणि मग वाळू लागली पाहिजे, आणि क्लब निवडताना समोरची कड पार होईल का, हाच पहिला प्रश्न असावा.

झेंड्याजवळ जाण्याचा हट्ट किती महाग पडतो, हे २००३ च्या ब्रिटिश ओपनमध्ये दिसले. रॉयल सेंट जॉर्जेस या कोर्सच्या सोळाव्या होलवर आघाडीवर असलेल्या थॉमस ब्योर्नचा चेंडू बंकरमधून दोनदा वर चढून पुन्हा त्याच्या पायांशी घरंगळत आला. तिसऱ्या फटक्यात तो बाहेर आला आणि अखेर एका फटक्याने विजेतेपद हुकले. ज्याची सवय अजून बसायची आहे, त्याने झेंडा नजरेआड करून ग्रीनचा सर्वांत रुंद भाग निवडावा.

सरावासाठी एकच प्रयोग सुचवतो. सरावाच्या बंकरमध्ये वाळूवर रेघ ओढता येते, म्हणून तो तिथेच करावा. लक्ष्याच्या दिशेला आडवी अशी मीटरभर लांब रेघ काढावी आणि चेंडू न ठेवता त्या रेघेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फटके मारत जावे. प्रत्येक खड्डा रेघेवर सुरू झाला पाहिजे, एक-दोन सेंटिमीटरपेक्षा खोल नसावा आणि वीतभर लांबीच्या आत संपावा. सुरुवातीला खड्डे रेघेच्या मागे पडतील, कारण भार उजव्या पायावर राहिलेला असतो. दहापैकी सात-आठ खड्डे रेघेवर येऊ लागले, की रेघेच्या पाच सेंटिमीटर पुढे चेंडू ठेवावेत आणि नजर रेघेवरच राहू द्यावी. शेवटी रेघ पुसून तोच फटका मारावा. झाल्यावर रेक घेऊन वाळू सपाट करावी, पाऊलखुणांसकट, कारण पुढचा चेंडू कोणाच्या तरी नशिबी तिथेच येऊन बसणार असतो.