मनी प्लांट मरत नाही म्हणतात, मग आपलाच का मरतो? या चुका टाळा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कंपाउंडच्या भिंतीला लागून एक जुना आंबा आहे. त्याच्या बुंध्यावरून एक वेल तिसऱ्या मजल्याच्या उंचीपर्यंत गेली आहे. तिचं गळून पडलेलं एक पान मी उचलून आणलं आणि शिवणाच्या टेपने मोजलं. देठ सोडून ५८ सेंटिमीटर, कडेला तीन ठिकाणी फाटलेलं, सुपासारखं. समोरच्या काकू म्हणाल्या, "अगं, हा तर तो महागातला मॉन्स्टेरा!" नव्हता. तो आपला साधा, पिवळे शिंतोडे असलेला मनी प्लांट होता. तोच, जो माझ्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी वर्षभर चार पानांवर अडून बसला होता.

आंब्यावरच्या वेलीला कोणी पाणी घालत नाही, खत घालत नाही, कोणी पानं पुसत नाही. ही वेल मूळची ताहितीशेजारच्या मोरेआ बेटावरची. उष्ण, दमट, समुद्राकाठची जागा, म्हणजे मुंबईची हवा तिला माहेरासारखीच. तरी घरात आणली की महिन्याभरात मान टाकते. माझ्या हातून तीन गेल्या. त्यातल्या दोन पाण्याने.

रोज सकाळी तांब्याभर पाणी

तुळशीला पाणी घालायचं आणि तोच तांब्या पुढे हॉलमधल्या कुंडीत रिकामा करायचा, ही बऱ्याच घरांतली रीत. तुळस बाहेर उन्हात असते, तिला ते चालतं. हॉलमधल्या वेलीला नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत माझी वेल सुकल्यासारखी दिसायला लागली. पानं खाली लोंबली. मला वाटलं तहान लागली असेल, म्हणून आणखी पाणी घातलं. ती आणखी लोंबली. शेवटी कुंडी उपडी केली तर नाक धरावं लागलं, तुंबलेल्या गटारासारखा वास. मुळं पांढरी असायला हवीत, ती तपकिरी झालेली. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत शिवणाच्या दोऱ्याएवढा धागा राहिला. असं मूळ म्हणजे कुजलेलं मूळ. ते परत जिवंत होत नाही.

होतं असं की मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या फटींत सतत पाणी भरून राहिलं की मुळं गुदमरतात, मरतात, मग त्यांना बुरशी लागते. मेलेलं मूळ पाणी वर ओढू शकत नाही. म्हणून माती ओली असूनही वेल तहानेल्यासारखी दिसते, आणि आपण तिला आणखी पाणी पाजतो.

मुंबईत हा घोळ पावसाळ्यात सगळ्यात जास्त होतो. सांताक्रूझ वेधशाळेची एकट्या जुलैची पावसाची सरासरी ८०० मिलिमीटरच्या पुढे आहे. बाहेर ढग, घरात भर दुपारी दिवे, हवा इतकी ओली की दोरीवरचे टॉवेल दोन दिवस वाळत नाहीत. टॉवेल वाळत नाही तर कुंडी कशी वाळेल? माझ्या ८ इंची कुंडीला एप्रिल-मे महिन्यांत तीन-चार दिवसांनी पाणी लागतं, जुलै-ऑगस्टमध्ये दहा-बारा दिवसांनी. पण हे आकडे तुमच्या घरात जसेच्या तसे लागू होणार नाहीत. तुमची खिडकी वेगळी, कुंडी वेगळी, माती वेगळी. त्यापेक्षा देवघरातली उदबत्तीची जळून उरलेली काडी घ्या. कुंडीत कडेने दोन-तीन इंच खोल खुपसा, पाच मिनिटांनी काढा. ढोकळा झाला का हे बघायला सुरी घालतो, तसंच. काडी कोरडी, स्वच्छ आली तर पाणी घाला, आणि घालाल तेव्हा खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घाला. काडीला माती चिकटली तर दोन दिवस थांबा.

पिवळ्या पानाचंही इथेच सांगते. सगळ्यात खालचं, जुनं एखादं पान दोन महिन्यांनी पिवळं पडत असेल तर ते म्हातारपण आहे, काढून टाका. एकाच आठवड्यात तीन-चार पानं पिवळी, मऊ आणि माती ओली, तर पाणी जास्त झालंय. पानं कडक होऊन कडेने कुरकुरीत, कुंडी उचलली तर पिसासारखी हलकी, तर खरंच तहान आहे. सकाळी पानाच्या टोकाला पाण्याचा थेंब लोंबताना दिसला तर घाबरू नका, रात्री मुळांनी ओढलेलं जादा पाणी पान असं बाहेर टाकतं. रोजच दिसायला लागला तर मात्र काडी खुपसून बघा.

आणली तशीच ठेवली

मुंबईत विकायला येणारी बरीच रोपं पुण्याच्या बाजूने नाहीतर थेट आंध्रातल्या कडियमहून ट्रकने येतात. प्रवासात मुळं हलू नयेत म्हणून ती चिकट मातीच्या गोळ्यात बसवलेली असतात. प्रवासापुरतं ते ठीक. घरी तो गोळा वाळला की विटेसारखा होतो, पाणी बाजूने निघून जातं आणि आत पोचतच नाही. ओला राहिला की आठवडाभर ओलाच.

आठ-दहा दिवस रोपाला घराची सवय होऊ द्या, मग बादलीभर पाण्यात तो गोळा भिजवून हलक्या हाताने सोडवा. माझं मिश्रण साधं आहे: दोन वाट्या कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक वाटी गांडूळखत, एक वाटी लाल माती आणि एक वाटी विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे. विटा फुकट मिळतात, मुंबईत कुठल्या ना कुठल्या इमारतीचं काम चालूच असतं. परलाइट आणलंत तरी चालेल, पण ते पांढरे मणी पहिल्या पाण्यात वर तरंगतात आणि मला त्यांचा राग येतो.

भोक नसलेली चिनी मातीची देखणी कुंडी आवडत असेल तर घ्या, पण वेल आतल्या प्लास्टिकच्या कुंडीत ठेवा आणि पाणी घालताना बाहेर काढा.

बाटलीतला मनी प्लांट

पाण्यात तो वर्षानुवर्षं जगतो, खोटं नाही. पण पाण्यात खायला काही नसतं, म्हणून पान लहानच राहतं. पारदर्शक बाटलीत उजेड शिरला की शेवाळ धरतं, तपकिरी बाटलीत कमी. आणि पाणी आठवड्याला बदलाच. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून डास उडतात. महापालिकेच्या कीटकनाशक खात्याची माणसं घरी आली की फ्रिजमागचा ट्रे आणि मनी प्लांटची बाटली आधी बघतात, ते उगीच नाही. कुंडीखालच्या ताटलीलाही हाच नियम.

'इनडोअर' म्हणजे अंधारातला नव्हे

कमी उजेडात ही वेल जगते. वाढत नाही. दोन पानांतलं अंतर वाढत जातं, पानं बारीक होतात आणि सगळी एका बाजूला, खिडकीकडे मान वळवून बसतात. दुपारी बारा वाजता पानाजवळ हात धरा. हाताची सावली पुसट का होईना पण दिसली तर जागा बरी. सावलीच दिसत नसेल तर तिथे फोटोफ्रेम लावा. आपल्याकडे समोरची इमारत पंधरा फुटांवर, खिडकीला काळी काच, त्याला मच्छरजाळी आणि बाहेर ग्रिलमध्ये वाळत घातलेले कपडे. आत येईपर्यंत उजेड उरतो किती?

पांढऱ्या पट्ट्यांच्या जातींना, म्हणजे मार्बल क्वीन, एन जॉय वगैरेंना, उजेड जास्तच हवा. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे तो भाग अन्न बनवत नाही. अंधारात ठेवलंत की नवी पानं निव्वळ हिरवी येतात. तेव्हा शेवटच्या चट्ट्यापट्ट्याच्या पानाच्या वर कापा आणि जागा बदला. उलट, एप्रिलमध्ये पश्चिमेच्या ग्रिलमध्ये थेट नेऊन ठेवलंत तर एका दुपारीत पानावर भाजल्यासारखे डाग पडतात. ते डाग जात नाहीत.

लोंबती ठेवली आणि पान मोठं का होत नाही म्हणून रडलो

आता त्या आंब्याकडे परत येते. ही चढणारी वेल आहे. हिच्या प्रत्येक पेरावर, उसाच्या पेरावर डोळा असतो तशी, मुळाची एक तपकिरी गाठ असते. त्या गाठीला चिकटायला खरबरीत, ओलसर काही मिळालं की वेलीला चढायला सुरुवात झाली असं समजतं आणि वर जाता जाता पान मोठं होत जातं. खाली सोडली की पान लहान होत जातं. फ्रिजवरून, पडद्याच्या दांडीवरून, कपाटावरून आपण जी झालर सोडतो ती दिसते छान, पण तिच्याकडून सुपाची अपेक्षा करू नये.

मग आपण काठी आणतो. तिला मॉस स्टिक म्हणतात. मॉस म्हणजे ओल धरणारं मऊ शेवाळ. ते नावात आहे, काठीत नाही. आत पीव्हीसीचा पाइप, बाहेर काथ्या गुंडाळलेला. सुका काथ्या मुळांना नकोच असतो, वेल सुतळीने जखडून ठेवली म्हणून उभी राहते इतकंच. अशी काठी आणलीच असेल तर लावण्याआधी रात्रभर बादलीत बुडवून ठेवा आणि पुढेही वरून हळूहळू पाणी सोडून ती ओलसर ठेवा.

मला फळीने यश आलं. पॅकिंगच्या खोक्याची, रंधा न मारलेली, तीन फुटी पाइनची फळी. कुंडी भरतानाच मागच्या बाजूला तळापर्यंत उभी केली. वेलीची मुळांच्या गाठी असलेली बाजू फळीला टेकवली आणि जुन्या गंजीफ्रॉकच्या पट्ट्यांनी सैल बांधली. तार नको, खोड कापतं. खोड मातीत पुरूही नका. पहिले दीड महिना काही झालं नाही, घरात सगळ्यांनी त्या फळीवर विनोद करून घेतले. गणपतीच्या आसपास एक पांढरं मूळ फळीवर पालीच्या बोटासारखं पसरलेलं दिसलं. त्यानंतरचं प्रत्येक पान आधीच्यापेक्षा मोठं. आता वरचं पान नऊ इंचांचं आहे. घरात सुपाएवढं पान होणार नाही, पण नऊ इंचांवर मी खूश आहे.

स्वयंपाकघरातलं प्रेम

सासूबाईंचा चहाच्या चोथ्यावर खत म्हणून विश्वास आहे, म्हणून जपून लिहिते. साखर-दुधाच्या चहाचा चोथा कुंडीत टाकला की आधी मुंग्या येतात, मग बुरशी, मग संध्याकाळी दिव्याभोवती घिरट्या घालणारी बारीक काळी चिलटं. त्यांच्या अळ्या ओल्या मातीत वाढतात. माती वरून दोन इंच कोरडी होऊ दिली की चिलटं आपोआप कमी होतात. चोथा तीन-चार पाण्यांनी धुऊन, वाळवून कंपोस्टमध्ये टाका. आईंनी हे मान्य केलंय. तांदळाच्या धुवणाबद्दल वाटाघाटी चालू आहेत.

पानांची टोकं तपकिरी होत असतील तर खत जास्त झालंय किंवा पाण्यात क्षार आहेत. महापालिकेचं पाणी तलावांतलं, पावसाचं, त्यात क्षार कमीच. टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर संशय घ्यायला जागा आहे. पानांवर रोज फवारा मारण्याचा सल्ला मात्र हिवाळ्यात हीटर लागणाऱ्या देशांतला आहे, मुंबईत आपण स्वतःच फवारा मारल्यासारखे फिरतो. फक्त एसीचा झोत थेट वेलीवर येणार नाही एवढं बघा.

कापसासारखं काहीतरी

पानाच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. कानकोरणीचा कापूस सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपा. मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, खूप हलवून, संध्याकाळी पानांच्या खालूनही फवारा. आठवड्याने परत, आणि त्यानंतर परत. एका फवाऱ्यात तो जात नाही.

मांजर, रांगणारं बाळ आणि अळू

अळू, सुरण, मॉन्स्टेरा, मनी प्लांट सगळे एकाच कुळातले. अळूने घसा खाजतो तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी, म्हणून आपण फतफत्यात चिंच घालतो. तेच स्फटिक मनी प्लांटच्या पानात आहेत. मांजराने पान चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते. उंचावर ठेवा. कापताना हाताला खाज येत असेल तर हातमोजे घाला.

कुजलेल्या वेलीतून नवी

मनी प्लांटला फूल जवळजवळ कधीच येत नाही, कारण त्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक त्याला पुरेसं बनवता येत नाही. बी नाही, म्हणून सगळा पसारा फांद्यांचा. चोरून आणलेला लागतो म्हणतात, त्यात मला एवढंच तथ्य दिसतं की शेजारच्या कंपाउंडमधली फांदी मुंबईच्या हवेला आधीच सरावलेली असते. मागून आणली तरी तितकीच लागते.

मुळं कुजली तरी वरचं खोड घट्ट, हिरवं असेल तर आशा आहे. स्वच्छ कात्रीने पेराच्या अर्धा इंच खाली कापा. प्रत्येक तुकड्यावर किमान एक पेर हवंच. नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलंत तर त्याला कधी मुळं फुटतीलही, पण नवा कोंब येणार नाही. पेर पाण्यात बुडेल आणि पान पाण्याबाहेर राहील असं ठेवा. माझ्या जुलैतल्या वेलीचे पाच तुकडे निघाले. मी ते लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ओट्याशेजारच्या खिडकीत ठेवले, एक सडला, चार लागले. मुळं दोन इंचांची झाली की कुंडीत लावा. जास्त दिवस पाण्यात राहिली तर त्यांना पाण्याची सवय होते आणि मातीत गेल्यावर ती रुसतात.