उगवत्या बास्केटबॉलपटूची ट्रेड-किंमत लावताय? या चुका टाळा

फेब्रुवारीतली एक रात्र आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप जागून काढतो. एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमध्ये संघांनी खेळाडूंची अदलाबदल करायची मुदत, म्हणजे ट्रेड डेडलाइन, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी तीनला संपते, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्री दीड. तोवर ग्रुपवरचा प्रत्येक जण जनरल मॅनेजर, म्हणजे संघात कोण असावं ते ठरवणारा, झालेला असतो. "हा पोरगा द्या, दोन पिक घ्या." "वेड लागलंय का, चारच्या खाली बोलू नकोस." पिक म्हणजे ड्राफ्टमध्ये, अर्थात नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, खेळाडू निवडण्याचा हक्क. हा 'पोरगा' बहुधा विशी-बाविशीचा, गेल्या दोन महिन्यांत चमकायला लागलेला. तिशीतल्या ऑल-स्टारचा भाव कुणीही सांगेल. अवघड आहे ते अर्ध्या शिजलेल्या खेळाडूचा भाव सांगणं.

वाद पेटला की मी 19 फेब्रुवारी 2015 ही तारीख काढतो. त्या दिवशी बक्स, सनस आणि सिक्सर्स यांच्यात तीन संघांचा व्यवहार झाला. 2014 चा रूकी ऑफ द इयर, म्हणजे सर्वोत्तम नवखा, मायकेल कार्टर-विल्यम्स सिक्सर्सकडून बक्सकडे गेला, बक्सचा ब्रँडन नाइट सनसकडे आणि सनसकडचा लेकर्सचा पहिल्या फेरीचा पिक सिक्सर्सकडे. दोन्ही खेळाडू तेविशीचे, दोघंही 'सुधारतोय' या वर्गातले. पुढे काय झालं हे आज सगळ्यांना माहीत असल्यामुळे चुका शिकायला यासारखं प्रकरण नाही.

चूक: गुणांची सरासरी पाहून भाव ठरवणं

कार्टर-विल्यम्सचा पहिलाच सामना गतविजेत्या मायामी हीटविरुद्ध होता. 22 गुण, 12 असिस्ट (गुण मिळवून देणारे पास), 7 रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) आणि तब्बल 9 स्टील (हिसकावलेले चेंडू). वर सामनाही जिंकला. मोसम संपला तेव्हा सरासरी 16.7 गुण, 6.3 असिस्ट, 6.2 रिबाउंड. नवख्याच्या नावापुढे असे आकडे दिसले की हात आपोआप खिशाकडे जातो.

पण तो सिक्सर्सचा संघ 82 पैकी 63 सामने हरला होता आणि लीगमध्ये सर्वांत वेगवान खेळत होता. वेग जास्त म्हणजे पझेशन, चेंडू हाती येण्याच्या पाळ्या, जास्त, म्हणजे प्रत्येकाच्या ताटात जास्त वाढलं जाणार. त्यात पंगतीला दुसरं कुणी धड बसलेलंच नाही. चेंडू कायम याच्या हातात, मग कुणाच्या तरी नावावर गुण पडणारच होते. खरी गोम टक्केवारीत होती: एकूण शॉट 40.5 टक्के, तीन गुणांचे जेमतेम 26.

इथे एक साधा हिशेब कामाला येतो. खेळाडूने घेतलेल्या शॉटच्या संख्येत फ्री थ्रोची (फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकींची) 0.44 पट मिळवा, त्याची दुप्पट करा आणि एकूण गुणांना तिने भागा. याला ट्रू शूटिंग म्हणतात. कार्टर-विल्यम्सचं उत्तर 48 टक्क्यांच्या आसपास येतं. तेव्हा लीगची सरासरी 54 च्या घरात होती. म्हणजे हा मुलगा संघाच्या संधी खर्च करून गुण मिळवत होता. सिक्सर्सचा जनरल मॅनेजर सॅम हिंकी याने हे ओळखलं आणि ट्रॉफीची चकाकी उतरायच्या आत माल विकला. सिक्सर्सच्या गावात, फिलाडेल्फियात, तेव्हा आरडाओरडा झाला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये बक्सनी त्याच कार्टर-विल्यम्सच्या बदल्यात बुल्सकडून टोनी स्नेल घेतला, यावरून भाव किती खाली आला होता ते कळतं.

चूक: अर्ध्या मोसमाचा नेम कायमचा समजणं

नाइटचं प्रकरण जास्त फसवं होतं. त्या मोसमात बक्ससाठी तो 17.8 गुण काढत होता आणि तीन गुणांचा नेम आदल्या वर्षीच्या साडेबत्तीस टक्क्यांवरून एकेचाळीसच्या जवळ पोचला होता. 'पोरगा शूटर झाला' असं म्हणायला एवढं पुरेसं वाटतं. नाही पुरत. पन्नास सामन्यांत तीन गुणांची टक्केवारी सहज पाच-सहा अंकांनी वरखाली होते. बोर्डाला लागून आत जाणारे चार चेंडू इकडचे तिकडे झाले तरी चित्र बदलतं.

मी टक्केवारीआधी प्रयत्नांची संख्या बघतो. दर सामन्याला तीनऐवजी सहा शॉट घेऊनही टक्का टिकला असेल तर प्रतिस्पर्धी त्याला मोकळा सोडत नसणार, आणि ती सुधारणा खरी. मग फ्री थ्रो. तिथे समोर हात नसतो, घाई नसते, फक्त मनगट असतं. तरुण खेळाडूचा नेम पुढे कुठे जाईल याचा अंदाज तिथून बरा येतो. अर्थात नाइटचे फ्री थ्रो चांगलेच होते, त्यामुळे हाही काही रामबाण नव्हे.

चूक: खेळाडू बघणं, करार न बघणं

ही माझ्या मते सर्वांत महागडी चूक, आणि ग्रुपवर सर्वांत जास्त होणारीही. खेळाडू किती चांगला आणि त्याची किंमत किती हे दोन वेगळे प्रश्न आहेत. किंमत म्हणजे तो पुढे जे देईल त्यातून त्याचा पगार वजा करायचा, आणि तेही जितकी वर्षं तो तुमच्या ताब्यात आहे तितक्याच वर्षांपुरतं.

पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा रूकी (नवख्याचा) करार चार वर्षांचा असतो, पगार ठरलेला आणि स्वस्त. तीन मोसम झाले की एक्स्टेन्शन, म्हणजे करार पुढे वाढवून, देता येतं. न दिल्यास चौथ्या वर्षानंतर तो रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट होऊ शकतो: दुसऱ्याने दिलेली ऑफर जुन्या संघाला तितक्याच पैशांत मॅच करता येते. म्हणजे दुसऱ्या वर्षातला मुलगा घेताना तुम्हाला स्वस्तातली अडीच वर्षं मिळतात. चौथ्या वर्षाच्या फेब्रुवारीत घेताना मिळतात दोन-तीन महिने आणि उन्हाळ्यात येणारं मोठं बिल. खेळाडू तोच, नेम तोच, भाव निम्मा.

नाइट नेमका या शेवटच्या टप्प्यावर होता. सनसनी त्याला त्याच उन्हाळ्यात 5 वर्षांचे 7 कोटी डॉलर दिले. दीड-दोन वर्षांत तो बेंचवर गेला, 2017 मध्ये गुडघ्याचा लिगामेंट तुटला, आणि करार गळ्यात राहिला.

याहून बोचरी गोष्ट म्हणजे त्याच सनसनी त्याच दिवशी आयझाया थॉमसला बोस्टनला देऊन टाकलं. थॉमस 26 वर्षांचा, पाच फूट नऊ इंच, ड्राफ्टमध्ये अगदी शेवटचा, साठावा. सनसच्या गावी, फिनिक्समध्ये, बेंचवरून येऊन 25 मिनिटांत 15 गुण काढायचा. त्याचा करार 4 वर्षांचा 2.7 कोटींचा, आणि दरवर्षी पगार कमी होत जाणारा. बदल्यात मिळालं काय, तर मार्कस थॉर्नटन आणि पहिल्या फेरीचा एक उशिराचा पिक. दोन वर्षांनी थॉमस बोस्टनसाठी 28.9 गुणांची सरासरी काढत होता. एवढी मजल कुणालाच अपेक्षित नव्हती, मान्य. पण करार तर त्या दिवशीही कागदावर स्पष्ट दिसत होता.

उलटी बाजू जेलन ब्रन्सनची. तो दुसऱ्या फेरीतला, 33 वा पिक. अशा खेळाडूची चार वर्षं पूर्ण झाली की तो पूर्ण मोकळा होतो, मॅच करण्याचा हक्क उरत नाही. डॅलसला त्याला 4 वर्षांचं साधारण साडेपाच कोटींचं एक्स्टेन्शन देता आलं असतं. ते राहिलं. एप्रिल 2022 मध्ये डॅलसचा मुख्य खेळाडू डॉन्चिच जखमी असताना ब्रन्सनने युटाविरुद्ध प्लेऑफमध्ये 41 गुण ठोकले आणि जुलैत 10.4 कोटींवर न्यूयॉर्कला गेला. डॅलसच्या हाती काहीच लागलं नाही. 'असला सुधारता खेळाडू कोण विकतं?' या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: ज्याला त्याचं पुढचं बिल भरायचं नाही, त्याने विकायलाच हवा.

ट्रेड मशीन लाल दाखवतंय, पण पगार तर जुळतायत?

ट्रेड मशीन म्हणजे दोन्हीकडचे पगार धरून सौदा नियमात बसतो का ते तपासणारं ऑनलाइन साधन. हा प्रश्न दर मोसमात एकदा तरी येतो. बहुतेक वेळा कारण एकच: खेळाडूने रूकी एक्स्टेन्शनवर सही केली आहे, पण ते अजून लागू झालेलं नाही. अशा मधल्या काळात देणारा संघ त्याचा चालू पगार मोजतो, तर घेणाऱ्या संघासाठी चालू वर्ष आणि एक्स्टेन्शनची वर्षं यांची सरासरी धरली जाते. समजा चालू पगार 40 लाख डॉलर आणि पुढे 4 वर्षांचे 10 कोटी. देणाऱ्याच्या वहीत 40 लाख, घेणाऱ्याच्या वहीत 10.4 भागिले 5 म्हणजे 2.08 कोटी. अमेरिकेत याला 'पॉयझन पिल' म्हणतात. तोंडी सौदा जमलेला असतो आणि कागदावर अडतो. त्यामुळे सही झाल्यापासून पुढच्या जुलैपर्यंत असा खेळाडू जवळपास अचल मालमत्ता समजा.

चूक: सगळे पिक एकाच मापाने मोजणं

"तीन फर्स्ट", पहिल्या फेरीचे तीन पिक, म्हणजे किती? कुणाचे, कोणत्या वर्षाचे, कोणत्या अटीवर हे कळल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. पिक म्हणजे शेवटी पीकच. घरात येईपर्यंत खरं नाही.

त्या 2015 च्या व्यवहारातला लेकर्सचा पिक बघा. मुळात तो सनसना 2012 मध्ये स्टीव्ह नॅशच्या बदल्यात मिळालेला. अट अशी की 2015 मध्ये तो पहिल्या पाचांत आला तर लेकर्सकडेच राहील. 2016 आणि 2017 मध्ये पहिल्या तिनांत आला तर तेव्हाही. लेकर्सचं नशीब असं की तिन्ही वर्षं दुसरा क्रमांक लागला. तीनदा पिक सिक्सर्सच्या हातावर तुरी देऊन निसटला. शेवटी 2018 मध्ये, अट संपल्यावर, दहावा म्हणून मिळाला. तोवर हिंकी नोकरी सोडून दोन वर्षं झाली होती.

त्या दहाव्या क्रमांकावर सिक्सर्सनी मिकाल ब्रिजेसला घेतलं आणि त्याच रात्री झायर स्मिथ अधिक मायामीचा 2021 चा पिक यांच्या बदल्यात विकून टाकलं. कुणाला? सनसना! ज्यांनी नाइटसाठी हाच पिक घालवला होता त्यांनाच.

चूक: नवी भूमिका म्हणजे नवा खेळाडू असं समजणं

इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. फेब्रुवारी 2023 मध्ये ब्रिजेस केविन ड्युरंटच्या व्यवहारात ब्रुकलिनला गेला. फिनिक्समध्ये 17 गुणांवर असलेला माणूस तिथे उरलेल्या 27 सामन्यांत 26.1 गुण काढू लागला. मी ग्रुपवर ठोकून दिलं, 'हा आता पहिल्या क्रमांकाचा स्कोअरर.' तो स्क्रीनशॉट दर ऑक्टोबरला परत येतो. पुढच्या पूर्ण मोसमात सरासरी 19.6 वर आली. मधल्या काळात बदल झाला होता तो भूमिकेत: आधी प्रतिस्पर्ध्यांचं लक्ष फिनिक्सच्या बुकर आणि पॉल या बड्या खेळाडूंवर असायचं, मग काही आठवडे याच्या नव्या खेळाचा कुणाकडे अभ्यास नव्हता, आणि नंतर झाला.

गंमत म्हणजे तरीही जुलै 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या निक्सनी त्याच्यासाठी पहिल्या फेरीचे पाच पिक मोजले. ऑल-स्टार एकदाही नाही, वय 27. पण करार 4 वर्षांचा 9 कोटींचा, त्यातली दोन वर्षं शिल्लक, आणि सामना चुकवायची सवय नाही. खेळाडूबद्दल मी चुकलो, भाव मात्र वाढला. दोन वेगळे प्रश्न म्हटलं ते यासाठीच.

भूमिका दोन्ही दिशांनी फसवते. जॉर्डन पूलने 2022 मध्ये वॉरियर्सच्या स्टेफ करीच्या सावलीत विजेतेपद जिंकलं, मोठा करार मिळवला, आणि एका वर्षात वॉरियर्सना त्याला पाठवण्यासाठी वर पिक जोडावे लागले. उलट जेम्स हार्डन 2012 मध्ये ओक्लाहोमात बेंचवरून 16.8 गुण काढायचा, पण ट्रू शूटिंग 66 टक्के! कार्टर-विल्यम्सच्या 48 शेजारी हा आकडा ठेवून बघा. फायनलच्या पाच सामन्यांत तो ढेपाळला आणि लोकांच्या डोक्यात तेवढंच राहिलं. ऑक्टोबरमध्ये ह्यूस्टनने उचलला. पहिल्या सामन्यात 37, दुसऱ्यात 45.

चूक: घेणारा कोण हे न विचारणं

बाजारभाव नावाची एकच चिठ्ठी खेळाडूच्या पाठीवर चिकटवलेली नसते. फेब्रुवारी 2022 मध्ये सॅक्रामेंटो किंग्जनी दुसऱ्याच वर्षातला टायरीस हॅलिबर्टन, सोबत बडी हील्ड, इंडियाना पेसर्सना दिला आणि डोमांतास सबोनिस घेतला. हेच दोन संघ ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये खेळले होते; किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. त्यामुळे आमच्या ग्रुपवर हा व्यवहार घरचा समजून भांडला गेला, आणि 'रणदिव्यांनी सोनं देऊन पितळ घेतलं' हेच मत पडलं.

किंग्जकडे डी'आरन फॉक्स आधीच होता, मोठ्या करारावर. चेंडू एक आणि चालवणारे दोन. हॅलिबर्टनची पूर्ण किंमत त्यांना स्वतःला कधी वसूल करताच आली नसती; पेसर्सना करता आली, कारण त्यांनी संघच त्याच्या हाती दिला. पुढच्याच मोसमात किंग्जनी 48 सामने जिंकून 16 वर्षांचा प्लेऑफचा दुष्काळ संपवला आणि सबोनिस रिबाउंडमध्ये लीगमध्ये पहिला आला. 2025 मध्ये हॅलिबर्टन पेसर्सना फायनलच्या सातव्या सामन्यापर्यंत घेऊन गेला आणि त्याच सामन्यात त्याची टाच निखळावी तशी अकिलीसची शीर तुटली. तेव्हा आमच्या ग्रुपवर 2022 चा वाद पहाटे सहाला पुन्हा सुरू झाला. अजून मिटलेला नाही.