गॅस भरण्याआधी बर्फ मागवा

सातपूरच्या आयटीआयमधून मेकॅनिक मोटर व्हेईकल करून मी अंबडच्या एका गॅरेजला लागलो. एसीचं काम म्हणजे गेज (गॅसचा दाब दाखवणारे मीटर) लावायचे आणि गॅस भरायचा, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. या लाइनीत नव्याने येणाऱ्यांनी तो समज आधी काढून टाकावा, म्हणून ही एक गाडी सांगतो.

मे महिना होता. घोटीचे एक काका आले. नाशिकहून निघताना एसी मस्त गार, अर्ध्या तासाने हवाच येईना. गाडी थोडा वेळ उभी केली की खाली पाण्याचं थारोळं, आणि एसी पुन्हा ठीक. दोन ठिकाणी गॅस भरून झाला होता. काकांचे ते पैसे फुकट गेले, याचं मला अजून वाईट वाटतं. आमच्या मिस्त्रींनी नुसतं ऐकूनच सांगितलं, "कॉइलवर बर्फ धरतोय. सेन्सर बघ."

कूलिंग कॉइलमध्ये एक छोटा सेन्सर खोचलेला असतो. कॉइल 2 ते 4 अंशांपर्यंत उतरली की त्याच्या रीडिंगवर कॉम्प्रेसर कट होतो. कॉइल गार होऊनही सेन्सर ती गरमच सांगत राहिला, तर कॉम्प्रेसर चालूच राहतो आणि बर्फाने हवेची वाट बुजते.

ग्लोव्ह बॉक्स उतरवून सेन्सर काढला, मीटर लावून त्याचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) बघितला. 8.8 किलोओहम. हा सेन्सर 25 अंशांना 10 किलोओहमचा, गॅरेजमध्ये सकाळचे 28 अंश. गरमीत तो थोडा उतरतोच, म्हणजे आकडा बरोबर. "चांगला आहे," मी म्हणालो.

"एका आकड्यावर सेन्सर पास करायचा नाही. जा, रसवंतीतून बर्फ आण."

स्टीलच्या ग्लासात बर्फ फोडून टाकला, थोडं पाणी घालून ढवळला. सेन्सर वायरला धरून फक्त टोक बुडवलं; बोटांत धरला तर अंगाच्या उष्णतेने रीडिंग बदलतं. थंडी वाढेल तसा याचा रेझिस्टन्स वाढतो, शून्य अंशाला तो 30 किलोओहमच्या आसपास जायला हवा. आमचा 14 वर जाऊन अडकला. म्हणजे बर्फात बसून तो 17-18 अंश सांगत होता!

कंपनीगणिक हे आकडे वेगळे असतात, मॅन्युअल बघूनच ठरवा. आणि सेन्सर बदलण्याआधी कपलर (सेन्सरच्या वायरचा जोड) उघडून बघा. पिनांवर हिरवा काट चढला असेल तर नवा सेन्सरही खोटंच बोलेल. बंपरमागच्या, बाहेरच्या हवेच्या सेन्सरला पावसाळ्यात हे फार होतं. स्कॅनरवर (गाडीच्या सेन्सरांचे आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर) बाहेरचं तापमान -40 दिसलं तर आधी तिथली वायर तपासा, बहुतेक सर्किट तुटलेलं असतं. अशा वेळी गाडीला बाहेर कडाक्याची थंडी आहे असं वाटतं, म्हणून कॉम्प्रेसर चालूच होत नाही आणि सगळे गॅसच्या मागे लागतात.

नवा सेन्सर बसवल्यावर मिस्त्रींनी मला स्कॅनर देऊन काकांच्या शेजारी बसवलं. इगतपुरीपर्यंत मी कॉइलचा आकडाच बघत होतो. 3 ला कट, थोडा वर चढला की पुन्हा चालू. हवा शेवटपर्यंत तेवढ्याच जोरात येत होती.