कंत्राटदाराने राजकीय पक्षाला देणगी दिली आहे का, हे कसे तपासावे

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ९अ नुसार सरकारशी मालपुरवठ्याचा किंवा बांधकामाचा करार चालू असलेली व्यक्ती त्या सरकारच्या विधिमंडळाची निवडणूक लढवू शकत नाही. मात्र त्याच व्यक्तीने पक्षाला देणगी देण्यावर आपल्याकडे वेगळी बंदी नाही. ही उणीव गंभीर आहे, आणि कायदा बदलेपर्यंत पडताळणी नागरिकांनाच करावी लागेल.

सुरुवात कंत्राटापासून करावी. ‘महाटेंडर्स’ संकेतस्थळावर निविदेचा निकाल पाहून कंत्राटदाराचे नोंदणीकृत नाव आणि निविदा उघडल्याची तारीख टिपून घ्यावी. कार्यारंभ आदेशाची प्रत मिळत नसेल, तर दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अर्ज करावा. महाराष्ट्रात असा अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आतला असावा लागतो.

नावाची जुळणी हे सर्वांत किचकट काम आहे आणि चूकही इथेच होते. मोठा कंत्राटदार अनेकदा भगिनी कंपनीच्या नावाने देणगी देतो, म्हणून कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून संचालकांची नावे काढावीत आणि तेच संचालक आणखी कोणत्या कंपन्यांत आहेत, हेही पाहावे. महापालिकेची छोटी कामे घेणारे बरेच कंत्राटदार कंपनी नसून एकल मालक किंवा भागीदारी संस्था असतात; तिथे मालकाचे आणि भागीदारांचे नाव शोधावे.

त्यानंतर निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरील पक्षांचे वार्षिक देणगी अहवाल उघडावेत. त्यांत वीस हजार रुपयांपेक्षा मोठ्या देणग्यांची नोंद असते. एप्रिल २०१९ नंतरच्या निवडणूक रोख्यांची यादी सर्वोच्च न्यायालयाच्या १५ फेब्रुवारी २०२४ च्या निकालामुळे खुली झाली आहे, तीही पाहावी. इलेक्टोरल ट्रस्टमार्फत, म्हणजे देणग्या गोळा करून पक्षांना वाटणाऱ्या संस्थेमार्फत, दिलेली रक्कम पक्षाच्या अहवालात ट्रस्टच्याच नावावर दिसते, त्यामुळे ट्रस्टचा स्वतःचा अहवाल वाचल्याशिवाय शोध पूर्ण झाला असे मानू नये.

देणगीदार कंपनी असेल, तर तिची नफा-तोटा पत्रकातील नोंदही तपासावी. त्याच निकालाने कंपनीच्या देणगीवरील जुनी मर्यादा, म्हणजे मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्के, पुन्हा लागू झाली आहे.

तारखा जवळ आल्या म्हणजे लाच सिद्ध झाली, असे लिहू नये. निविदेची, आदेशाची आणि देणगीची तारीख एका तक्त्यात मांडून, प्रत्येक नोंदीसोबत मूळ कागदाची प्रत जोडून, तो तक्ता संबंधित खात्याच्या दक्षता विभागाकडे लेखी तक्रारीसह द्यावा आणि पोच घ्यावी.