उघड्या डेकचा ट्रेलर निवडताना या चुका टाळा

ट्रेलर घेताना पहिला प्रश्न हटकून विचारला जातो तो ‘किती टनांचा?’ आणि बहुतेक चुकांचे मूळ या प्रश्नातच असते. ३० टन क्षमतेच्या ट्रेलरवर १८ टनांचे यंत्र ठेवले तरी डेक, म्हणजे माल ठेवण्याचा पृष्ठभाग, मधोमध दबू शकतो, कारण क्षमतेचा आकडा सहसा वजन संपूर्ण डेकवर सारखे पसरले आहे असे गृहीत धरून दिलेला असतो. पोती, विटा किंवा लाकूड यांच्या बाबतीत हे गृहीतक बरेचसे खरे ठरते, परंतु ट्रान्सफॉर्मर किंवा पोलादी पत्र्याची कॉइल आपला सगळा भार दोन-तीन मीटरांतच टाकते. म्हणून एकवटलेल्या भाराची मर्यादा, म्हणजे किती लांबीत किती टन चालतील, हे उत्पादकाकडून वेगळे आणि लेखी मागून घ्यावे. ट्रेलर आधीच घेतलेला असेल, तर यंत्राखाली डेकच्या लांबीच्या दिशेने जाड पोलादी तुळया टाकून भार डेकखालच्या अधिक आडव्या पट्ट्यांवर वाटता येतो. चार लाकडी ठोकळ्यांनी मात्र हे काम होत नाही, उलट भार चार बिंदूंत आणखी एकवटतो.

दुसरी चूक भाराच्या जागेची. किंगपिनपासून, म्हणजे ट्रेलरला ओढणाऱ्या ट्रकशी जोडणाऱ्या खिळीपासून, मागच्या ॲक्सलच्या संचाच्या मध्यापर्यंतचे अंतर १० मीटर आहे असे समजू. २० टनांच्या यंत्राचा गुरुत्वमध्य किंगपिनच्या मागे ४ मीटरांवर आला, तर ८ टन मागच्या ॲक्सलवर आणि तब्बल १२ टन किंगपिनवर, अर्थात घोड्यावर (ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकवर) पडतात. तेच यंत्र दीड मीटर मागे सरकवले की वाटणी ११ आणि ९ टनांची होते. सपाट फ्लॅटबेडवर असे सरकवणे सोपे असते. लोबेडवर, म्हणजे मधला भाग जमिनीलगत खोलगट असलेल्या ट्रेलरवर, मात्र माल त्या खोलगट भागातच बसवावा लागतो, त्यामुळे वाटणी बदलायला फारसा वाव राहत नाही. आपला नेहमीचा जड माल त्या ठरावीक जागेत बसल्यावर घोड्यावर किती वजन येईल, हा हिशेब खरेदीपूर्वी कागदावर मांडावा. यंत्राचा गुरुत्वमध्य त्याच्या लांबीच्या मध्यावरच असेल, असे मात्र धरून चालू नये. एक्स्कॅव्हेटरच्या मागचे प्रतिवजन पाहिले की कारण लगेच लक्षात येते.

उंचीबाबत दोन्ही टोकांच्या चुका होतात. ढोबळमानाने फ्लॅटबेडचा डेक जमिनीपासून दीड मीटर, पायरीच्या (पुढे उंच आणि मागे खाली अशा दोन पातळ्यांच्या) ट्रेलरचा खालचा डेक एक मीटर आणि लोबेडचा खोलगट भाग अर्धा मीटर उंच असतो. तीन मीटर उंचीचा माल अनुक्रमे साडेचार, चार आणि साडेतीन मीटरांवर जातो. अनेक देशांत वाहनाच्या उंचीची मर्यादा ४ मीटरांच्या आसपास आहे, त्यामुळे येथे प्रत्येक सेंटिमीटर मोलाचा ठरतो आणि मालाखालच्या ठोकळ्यांची उंची विसरणे महागात पडते. मात्र केवळ या भीतीने सर्वच मालासाठी खालचा डेक निवडणे हीसुद्धा चूकच आहे. पायरीच्या ट्रेलरवर १२ मीटरांचे पाइप पुष्कळदा सलग सपाट मावत नाहीत. ते वरच्या डेकच्या पातळीवर आणण्यासाठी खाली उंच आधार लावले, की ज्या उंचीसाठी हा ट्रेलर घेतला तिचा फायदाच संपतो. लोबेडचे पोट तर रेल्वे फाटकाच्या उंचवट्यावर टेकू शकते.

माल चढणार कसा, हा प्रश्न माझ्या मते टनांच्याही आधी विचारायला हवा, आणि तोच सर्वांत कमी विचारला जातो. क्रेनने वरून ठेवायचा किंवा फोर्कलिफ्टने बाजूने सरकवायचा माल असेल, तर सपाट डेक उत्तम. यंत्र स्वतः चालत चढणार असेल, तर रॅम्पचा कोन निर्णायक ठरतो. तीन मीटर लांबीचा रॅम्प एक मीटर उंच डेकला लावला तर चढ सुमारे १९ अंशांचा होतो, तोच दीड मीटर उंच डेकला लावल्यास ३० अंशांचा. ओल्या पोलादी रॅम्पवर रोड रोलरचा गुळगुळीत ड्रम चढताना पाहिला, म्हणजे या फरकाचा अर्थ कळतो: ड्रम जागीच फिरू लागतो आणि यंत्र तिरके सरकते. रॅम्पच्या माथ्यावर पोहोचलेल्या यंत्राचा तोल अचानक पुढे जातो आणि ते डेकवर आदळते, तेही वेगळेच. जड, स्वतः चालत चढणारी यंत्रे वारंवार न्यायची असतील, तर पुढची मान, म्हणजे घोड्याला जोडणारा भाग, सुटी होणारा लोबेड घ्यावा. त्यावर यंत्र समोरून, जवळजवळ जमिनीच्या पातळीवरून चढते.

ॲल्युमिनियमचा ट्रेलर हलका असल्याने तेवढा अधिक माल नेता येतो, परंतु या धातूची ताठरता पोलादाच्या साधारण एकतृतीयांश असते, त्यामुळे भाराखाली तो अधिक लवचिकपणे वाकतो. रिकामा असताना त्याचा डेक वर कमानदार दिसतो, तो दोष नसून मुद्दाम दिलेला बाक असतो. सारख्या पसरणाऱ्या मालासाठी तो चांगला. रोज कॉइल किंवा साखळीपट्ट्यांवर चालणारी यंत्रे नेणाऱ्याने पोलादच घ्यावे.

बांधणीच्या कड्यांकडे खरेदीच्या वेळी कोणी फारसे पाहत नाही. युरोप आणि अमेरिकेच्या नियमांत जोरदार ब्रेकसाठी मालाच्या वजनाच्या ०.८ पट आणि बाजूंसाठी ०.५ पट बल गृहीत धरतात. माल डेकवर दाबून धरण्यासाठी वरून टाकलेला पट्टा डेकशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर त्याच्या ताणाचा अर्धाच भाग मालाला खाली दाबतो. म्हणून कडी कुठे आहेत, किती आहेत आणि प्रत्येकाची मर्यादा किती, हे मोजून घ्यावे. साखळी दणकट आणि कडे कच्चे असेल, तर त्या साखळीचा काहीच उपयोग नाही. पट्टे प्रवासात वारंवार ढिले पडत असतील, तर ते आणखी कसण्यापूर्वी मालाखाली रबरी चटई घालून पाहावी.

घेतलेल्या ट्रेलरच्या शेवटच्या ॲक्सलचेच टायर लवकर झिजत असतील, तर टायरला दोष देण्याआधी भरलेला ट्रेलर सपाट जागी उभा करून बाजूने पाहावा. घोड्याचे फिफ्थ व्हील, म्हणजे किंगपिन जिच्यात अडकते ती तबकडी, जास्त उंच असेल तर डेक मागे कलतो आणि पाट्यांच्या सस्पेन्शनवर मागच्या ॲक्सलवर जादा भार येतो. जुना ट्रेलर घेताना मानेच्या वळणावरील जोड जवळून पाहावेत. रंगाच्या आडून गंजाची बारीक रेघ उमटलेली दिसली, तर तिथे वेल्डिंगला तडा गेलेला असण्याची शक्यता मोठी असते.