जूनची शाळा: खरेदीच्या आधी उरकायची कामे

पुण्यातील राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि नेमका त्याच सुमारास पाऊसही शहरात दाखल होतो. केंद्रीय मंडळाच्या पुष्कळ शाळांचे वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालेले असते. त्यांच्यासाठी जून म्हणजे सुट्टीनंतरची दुसरी सुरुवात. दोन्हीकडे घरोघरी तयारीचा अर्थ मात्र एकच घेतला जातो, तो म्हणजे खरेदी. वास्तविक दप्तर, वह्या आणि गणवेश ही कामे शाळेची यादी हाती पडल्यावर दोन दिवसांत होऊ शकतात. पैसे टाकूनही घाईने उरकत नाहीत अशी कामे तीन: कागदपत्रे, जाण्यायेण्याची सोय आणि मुलाची झोप. म्हणून मे महिना या तिघांना द्यावा आणि बाजार शेवटी गाठावा.

कागदपत्रांपासून सुरुवात करावी. मुलाचा जन्मदाखला, आधार कार्ड, आधीचे प्रगतिपुस्तक, लसीकरणाचे कार्ड आणि शाळा बदलली असल्यास शाळा सोडल्याचा दाखला हे सर्व एका फाईलमध्ये मूळ प्रत व दोन-दोन छायाप्रती अशा रीतीने लावून ठेवावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या सर्वांवरील नाव, आईवडिलांची नावे व जन्मतारीख शेजारी शेजारी ठेवून अक्षरशः ताडून पाहावी. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जी नोंद होते तीच पुढे दाखल्यावर आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर उतरते. पहिलीत एका अर्जाने सुधारणारी चूक दहावीनंतर प्रतिज्ञापत्रे, राजपत्र आणि शिक्षण विभागाच्या फेऱ्या यांत अडकवते. लहानपणी काढलेल्या आधार कार्डावर बोटांचे ठसे नसतात. ते ५ वर्षे पूर्ण झाल्यावर एकदा व १५ वर्षे पूर्ण झाल्यावर पुन्हा अद्ययावत करावे लागतात, आणि ५ ते ७ वर्षे या वयात हे काम मोफत होते. उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला लागणार असेल तर तो दहावी-बारावीच्या निकालाआधी काढावा, कारण निकालानंतर सेतू केंद्रांवर अकरावी आणि महाविद्यालयीन प्रवेशाच्या विद्यार्थ्यांची रीघ लागते.

याच काळात लसीकरणाचे कार्डही उघडून पाहावे. राष्ट्रीय वेळापत्रकानुसार ५ ते ६ वर्षे वयात डीपीटीची (घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात) बूस्टर मात्रा, तर १० व १६ व्या वर्षी टीडीची (धनुर्वात व घटसर्प) लस द्यायची असते. या लसी महापालिकेच्या दवाखान्यांत विनामूल्य मिळतात. डोळेही एकदा तपासून घ्यावेत. फळ्यावरची अक्षरे पुसट दिसतात अशी तक्रार मूल सहसा करत नाही, कारण त्याच्या लेखी सगळ्यांनाच तशी दिसत असतात.

आता वाहन. स्कूल बस, व्हॅन किंवा रिक्षा यांपैकी काहीही ठरवले तरी दर विचारण्याआधी वाहन स्वतः जाऊन पाहावे. नंबरप्लेट पिवळी, म्हणजे प्रवासी वाहतुकीच्या परवान्याची आहे का, योग्यता प्रमाणपत्राची मुदत चालू आहे का, आग विझवण्याचे यंत्र व प्रथमोपचार पेटी आहे का, बसमध्ये परिचारक म्हणून बाई असतात का आणि प्रत्यक्षात मुले किती बसवली जातात, हे पाच प्रश्न विचारल्याशिवाय आगाऊ पैसे देऊ नयेत. राज्यात स्कूल बससाठी २०११ पासून स्वतंत्र नियमावली आहे, त्यामुळे असे विचारणे म्हणजे आगाऊपणा नव्हे. गाडी चालवणाऱ्या काकांचा दूरध्वनी क्रमांक, चढण्याउतरण्याचे ठिकाण आणि ते आजारी पडल्यास कोण येणार, हे घरातील आजीआजोबांनाही ठाऊक असावे.

पुण्यातील बरीच मुले मात्र दुचाकीवरूनच शाळेत जातात. मोटार वाहन कायद्यानुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट आवश्यक आहे, आणि २०२३ पासून त्याहून लहान मुलांसाठीही हेल्मेट, चालकाशी बांधणारा सुरक्षा पट्टा व ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा लागू आहे. स्वतः हेल्मेट घालून मागे बोडक्या डोक्याचे मूल बसवणारे पालक रोज सकाळी दिसतात, त्यांना काय म्हणावे हे मला अजून उमगलेले नाही. मुलाचे हेल्मेट त्याच्याच मापाचे घ्यावे आणि सुट्टीत त्याला ते घालून फिरवून आणावे, म्हणजे जूनमध्ये रोज सकाळी त्यावरून वाद होणार नाही.

शाळेची वेळ आधीच विचारून घ्यावी, ती मागील वर्षीचीच असेल असे गृहीत धरू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला. परंतु दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांना जागेची व वाहनांची अडचण असल्याने वेळापत्रके सरसकट सारखी झालेली नाहीत. शिवाय चौथीतून पाचवीत जाताना अनेक ठिकाणी विभाग, इमारत आणि सत्र अशा तिन्ही गोष्टी बदलतात. धाकटे सकाळच्या सत्रात आणि थोरले दुपारच्या, अशी स्थिती आली की घराचे सगळे वेळापत्रक नव्याने मांडावे लागते. डबे दोनदा भरावे लागतात आणि नोकरी करणाऱ्या पालकांना मधल्या दोन तासांसाठी कोणाला तरी विचारावे लागते. हे विचारणे मेमध्येच झालेले बरे.

झोपेचे वेळापत्रक आदल्या रात्री बदलत नाही. शाळकरी वयाच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. सहाला उठायचे असेल तर नवाच्या आसपास निजायला हवे, आणि सुट्टीत अकरापर्यंत जागणारे मूल एकाएकी नवाला झोपत नाही. त्यासाठी शाळा उघडण्याआधी दोन आठवडे दर दोन दिवसांनी वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणावी. आधी उठण्याची वेळ बदलावी, झोपण्याची आपोआप मागून येते. मात्र यात मोठ्यांचा टीव्ही व मोबाईलही आवरावा लागतो, आणि बेत बहुधा तिथेच फसतो.

बाजाराकडे वळण्याआधी जुने दप्तर, कंपासपेटी, पाण्याची बाटली आणि वह्या जमिनीवर मांडून काय चालण्यासारखे आहे ते मुलासमवेत ठरवावे. अर्ध्या उरलेल्या वह्यांची कोरी पाने एकत्र शिवली की कच्च्या कामाची वही तयार होते. पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत लक्षात ठेवावे की शासकीय व अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना ती मोफत मिळतात, आणि बालभारती आपल्या संकेतस्थळावर त्यांच्या पीडीएफ प्रतीही विनामूल्य देते. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके स्वस्तात मिळतात हे खरे, परंतु राज्याचा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बदलत असून पहिलीचे पुस्तक २०२५-२६ मध्ये बदलले. म्हणून जुने पुस्तक घेताना आतल्या पानावरचे आवृत्तीचे वर्ष वाचूनच पैसे द्यावेत. जूनच्या दुसऱ्या रविवारी त्या चौकात गाडी लावायला जागा शोधणे हा स्वतंत्र उद्योग आहे. आठवड्यातील एखाद्या सकाळी मेट्रोने मंडई किंवा कसबा पेठ स्थानकावर उतरून चालत गेल्यास पुस्तके, तुळशीबाग आणि लक्ष्मी रस्ता एकाच फेरीत होतात.

वह्या घेताना एकरेघी, दुरेघी, चौरेघी आणि चौकटीची यांपैकी कोणत्या विषयाला कोणती, हे शिक्षकांनी सांगेपर्यंत डझनावारी घेऊ नये. दोनशे पानी वहीपेक्षा शंभर पानी बरी, कारण तीच रोज पाठीवर जाते. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे असा दंडक आहे. २५ किलोच्या मुलासाठी तो अडीच किलो होतो. त्यात भरलेली एक लिटरची बाटलीच एक किलोची असते, म्हणून शाळेत पिण्याचे पाणी चांगले असल्यास अर्ध्या लिटरची बाटली पुरते. दप्तर रिकामे असताना काट्यावर ठेवून पाहावे. चाके, चित्रे आणि कप्पे यांनी नटलेली काही दप्तरे मुळातच जड असतात.

गणवेश एक बोट सैल घ्यावा, बूट मात्र मापाचेच. पुण्याच्या पावसात कातडी बूट आठवडाभर वाळत नाहीत, त्यामुळे शाळेची परवानगी असल्यास सप्टेंबरपर्यंत पावसाळी सँडल वापरावी आणि दप्तरात मोज्यांचा सुका जोड पिशवीत घालून ठेवावा. रेनकोट दप्तरासकट अंगावर येईल इतका मोठा असावा. डबा, बाटली, छत्री, रेनकोट या सर्वांवर न पुसणाऱ्या शाईने नाव व इयत्ता लिहावी.

प्रथमच शाळेत जाणाऱ्या मुलासाठी अक्षरओळखीपेक्षा काही साधी कौशल्ये अधिक उपयोगाची असतात. डब्याचे झाकण आणि बाटलीचे बूच स्वतः उघडणे, चड्डीचे बटण लावणे, स्वच्छतागृहात जायचे आहे हे बाईंना न लाजता सांगणे, स्वतःचे पूर्ण नाव सांगता येणे, एवढे पंधरा दिवसांत शिकवता येते. डबा घरीच चार दिवस भरून द्यावा आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटांत काय संपते ते पाहावे. छोट्या सुट्टीत वरणभात संपत नाही. पोळीचा लाडू, धिरडे किंवा थालीपिठाचे तुकडे संपतात. शाळा सुरू होण्यापूर्वी एकदा ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या वाहनाने फाटकापर्यंत जाऊन यावे. सकाळच्या वाहतुकीत लागणारा खरा वेळ त्यातूनच कळतो.

शाळा उघडल्यावर एक काम उरते. राज्याच्या २०११ च्या शुल्क नियमन कायद्यानुसार खासगी शाळांत वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हावा लागतो आणि त्याची कार्यकारी समिती इच्छुक पालकांमधून सोडतीने निवडली जाते. फी वाढीचा प्रस्ताव याच समितीपुढे येतो, म्हणून ज्यांना त्यात भाग घ्यायचा आहे त्यांनी पहिल्याच आठवड्यात आपले नाव शाळेला लेखी कळवून पोच घ्यावी.